गाठ मारायची राहिली

"मिस्त्री, हे धूड खाली काढाचं कसं?" बळीरामनं विचारलं.

गाडी शेडच्या दारासमोर उलटी लावली होती, मागची बाजू दाराकडं. बैल सोडून लांब बांधले होते. जुवाखाली दगड रचून गाडी सपाट केली होती आणि चाकांना पुढूनमागून धोंडे लावले होते. गाडीवर पंधरा-सोळा मण वजनाची लेथ दोरांनी आवळून बसवलेली. अंगणात अर्धं रिठद गाव जमलं होतं आणि प्रत्येकाजवळ फुकटचा सल्ला होता.

"धा गडी लावू अन् उचलू ना बाप्पा, त्याच्यात काय!" एक जण म्हणाला.

"अन् पायावर पाडून घेऊ," मी म्हणालो. "उचलाचं नाई. मशीन आपल्या वजनानं खाली येते. आपन तिले फक्त धरून ठेवाचं."

तेव्हा मी तिशीत होतो. वाशीमच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. फिटरचं काम म्हणजे तिथली यंत्रं बसवणं, उखडणं, इकडची तिकडं नेणं आणि बिघडली की शिव्या खाणं. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. वजनं हलवण्यात आपल्यासारखा माणूस वऱ्हाडात नाही अशी माझी समजूत होती. लोकही तसं म्हणत, म्हणून ती जास्तच पक्की झाली होती.

लेथ उकंडाची. उकंडा म्हणजे बळीरामचा धाकटा भाऊ. आधीची दोन लेकरं गेली म्हणून याचं नाव उकंडा, म्हणजे उकिरडा, ठेवलं, की यमाची नजर जाणार नाही. बाप लवकर मेला. बळीरामनं त्याला वाढवला, आणि शेतात दोघांना पुरेल इतकं काम नाही हे पाहून आमच्या फॅक्टरीत आणून सोडला. पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, "पोरगं तुमच्या हवाली केलं, मिस्त्री. शिकवा नाहीतर मारा, पन घरी पाठवू नका." उकंडा आठ वर्षं माझ्या हाताखाली राहिला आणि फॅक्टरीतला सगळ्यात चांगला टर्नर झाला.

टर्नर म्हणजे लेथ चालवणारा. सुतार लाकूड फिरवत ठेवून, हत्यार लावून लाटणं कातून काढतो ना, तसंच लेथवर लोखंड कातायचं. फरक एवढाच, की लोखंडात केसभर चूक चालत नाही. उकंडाला बोटांनी कळायचं. तो कातलेल्या दांड्यावरून उजव्या हाताची दोन बोटं फिरवायचा आणि सांगायचा, "मिस्त्री, इथं जरा जाड हाय." मी माप लावून बघायचो. बेट्याचं खरं निघायचं.

पण जिनिंगचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. कापूस संपला की भोंगा बंद, टर्नर घरी. उकंडाच्या मनात आलं की आपली स्वतःची लेथ घरी असावी. गावोगावच्या गाड्यांचे आख, उसाच्या चरकाचे रूळ, मोटेची चाकं, सगळं दुरुस्तीला वाशीमला न्यावं लागतं. ते रिठदलाच झालं तर कोणाला नको? एक बंद पडलेला कारखाना सामान काढत होता. तिथली जुनी लेथ यानं हेरली. बळीरामनं मागचापुढचा विचार न करता बैलजोडी विकली आणि मशीन घेतली. गोठ्याला लागून टिनाचं शेड उभं केलं. वीज नव्हतीच. एक मोठं चाक बसवून ते हातानं फिरवायचं आणि पट्ट्यानं लेथ चालवायची असा बेत होता. चाक फिरवायला कोण? तर उकंडाची बायको सुभद्रा. "जातं फिरवतो, तसं हे फिरवीन," असं ती म्हणाली होती म्हणे.

मी मॅनेजरसाहेबांकडं सुट्टी मागायला गेलो.

"किती दिवस?"

"तीन, साहेब."

"काय सामान नेणार?"

"दोर, पहारी, फळ्या."

"चेनपुली?"

चेनपुली म्हणजे साखळीची कप्पी. ती वर टांगली की एक माणूस दहा माणसांचं वजन उचलतो. "ती लोड करायला वापरतो, इथंच," मी म्हणालो. "तिकडं टांगायला काही नाही. शेडचे वासे मशीन पेलणार नाहीत."

"मग उतरवणार कशी?"

"उतारावरून."

"सांभाळून," साहेब म्हणाले आणि कागदात डोकं घातलं.

लोड करणं सोपं गेलं. लेथचे सुटणारे भाग आधी काढून वेगळे बांधले. राहिला तो बेड, म्हणजे लांब लोखंडी पाट, आणि त्याच्या एका टोकाला हेडस्टॉक, म्हणजे फिरणारा भाग. खाली दोन पाय. पायांखाली सागाचे दोन जाड दांडे बोल्टनं आवळले. मशीन अशा दांड्यांवर बसली की ती घसरगाडीसारखी सरकवता येते. सकाळी वाशीमहून निघालेली भाड्याची बैलगाडी रिठदला पोचेपर्यंत दिवस मावळला. अंधारात वजनाला हात लावायचा नाही हा माझा नियम. उकंडाला दम निघत नव्हता, पण मी त्याला गप्प केला आणि झोपायला पाठवलं.

तर सकाळी उतरवायला घेतली. गाडीच्या मागच्या कडेपासून शेडच्या दारापर्यंत दोन जाड फळ्या उताराला लावल्या. दाराला दगडी उंबरा होता, फळ्यांची खालची टोकं त्या दगडाला टेकवली. तिथवर मशीन आली की पुढचं काम सोपं. फळ्यांना चरबी फासली, म्हणजे दांडे अडकत-अडकत येणार नाहीत, सलग सरकतील.

आता धरून कशी ठेवायची? गाडीच्या पुढं अंगणात कडुलिंब होता. मशीनला बांधलेला दोर गाडीवरून पुढं नेऊन त्या बुंध्याला दोन वेढे मारले आणि मोकळं टोक माणसाच्या हातात दिलं. यात जादू काही नाही. दोर बुंध्याला घासतो, आणि त्या घासण्यामुळं एक माणूस नुसतं टोक ताणून पंधरा मण अडवतो. टोक जरा ढिलं केलं की मशीन वीतभर खाली. ताणलं की थांबली. पण ही सगळी करामत त्या माणसाच्या मुठीवर. मूठ उघडली की दोन वेढे काहीच धरत नाहीत.

म्हणून नियम असा, की वजन उतारावर मधेच थांबवायचं नाही. आणि थांबवलंच, तर दोराची झाडाला गाठ मारायची. मग कोणी शिंको, खोको, पाणी प्यायला जावो. हा नियम मी उकंडासकट कितीतरी जणांना शिकवला होता.

दोरावर मी बळीरामला उभं केलं. जन्मभर मोट हाकलेला माणूस. दोर किती ताणायचा, किती सोडायचा हे त्याला सांगावं लागत नव्हतं. खांदेही तसेच.

"मी 'ढील' म्हटलं की सोडाचं, 'धर' म्हटलं की थांबाचं. दुसरं कोनी काई म्हटलं त ऐकाचं नाई."

"माह्या भावाची मशीन हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "जीव गेला तरी सोडत नाई."

मी फळीच्या बाजूला पहार घेऊन उभा राहिलो. उकंडा खाली दारात, मशीन सरळ येते का बघायला. त्याला मी बजावलं होतं की मशीनच्या पुढ्यात यायचं नाही, चौकटीच्या आड राहायचं.

"ढील."

दांडे हलले. मशीन गाडीवरून फळ्यांवर आली आणि पुढं झुकली. बायामाणसांनी "अव माय!" केलं.

"धर."

थांबली. जागच्या जागी, एक बोट इकडंतिकडं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? असं काम जमतं तेव्हा फिटरला जे वाटतं ते दुसऱ्याला कळायचं नाही. पुन्हा "ढील", पुन्हा "धर". चार-पाच वेळा. मशीन उताराच्या मध्यावर आली. उंबरा तीन-चार हात राहिला.

आणि सुभद्रा ताट घेऊन आली.

डोक्यावर पदर, ताटात हळदकुंकू, भाकरीचा तुकडा, नारळ. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडं नवा बैल विकत आणला की तो दारात आल्यावर घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. मगच बैल घरात. ही मशीन बैलजोडी विकून आलेली. म्हणजे बैलांच्या जागी आलेली. तिला तसंच घरात घ्यायचं असं घरच्यांनी ठरवलं होतं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मिस्त्री, जरा थांबा," उकंडा म्हणाला. "लक्ष्मी घरात येऊन राह्यली."

"खाली बसू दे तिले. मंग पायजे तितकी पूजा कर."

"उंबऱ्याच्या आत गेल्यावर कायचं पायावर पानी?" बळीराम तिकडून ओरडला. "बैल गोठ्यात शिरल्यावर पाय धूत असतेत का?"

लोक हसले. मीही हसलो. घोड्यानं इथंच पेंड खाल्ली. मी रागावायला हवं होतं. पण काम छान चाललं होतं, सगळं गाव कौतुकानं बघत होतं, आणि उकंडाचं तोंड असं काही फुललं होतं की नाही म्हणवेना.

"बरं. दोन मिनिटांत आटपा."

वजन मधेच थांबलं होतं. आता गाठ मारायची. मी दोराकडं पाहिलं. बळीरामच्या दोन्ही मुठीत दोर घट्ट होता. गाडीला वळसा घालून झाडापर्यंत जायचं, गाठ मारायची, पुन्हा यायचं, पुन्हा सोडायची. मनात म्हटलं, दोन मिनिटांसाठी कायले?

सुभद्रानं बाजूनं वाकून मशीनच्या पायांवर पाणी घातलं. हळदकुंकू लावलं. तुकडा ओवाळून टाकला आणि मागं सरली. उकंडानं उंबऱ्यावर नारळ फोडला. मग तो मशीनच्या पुढ्यात आला. उजवा हात फळीवर टेकला, वाकला आणि डोकं मशीनला लावलं. त्याच्या हाताच्या मागंच उंबऱ्याचा दगड होता.

मी बघत होतो. मी बजावलेली जागा सोडून तो पुढ्यात आला हे मला दिसत होतं. पण देवाला वाकलेल्या माणसाला "बाजूला हो" कसं म्हणायचं?

"बोला, हर हर महादेव!" बळीराम म्हणाला. घरचा मोठा तोच. त्यानंच म्हणायचं.

सगळ्यांनी हात जोडले. मीही पहार काखेत धरून जोडले. आणि बळीरामनंही जोडले.

दोराचा सरसर आवाज आला. मी "दोर! दोर!" म्हणून ओरडलो तोवर मशीन उंबऱ्याला धडकली होती. पुढं वाकलेलं उकंडाचं डोकं तिच्या धक्क्यानं बाजूला फेकलं गेलं म्हणून तो वाचला. हात दांडा आणि दगड यांच्यामध्ये राहिला. आम्ही पहारी लावून मशीन मागं रेटली आणि हात काढला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्या दोन बोटांची मी मघाशी गोष्ट सांगितली ती तिथंच संपली.

त्याच गाडीतून त्याला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. धोतर फाडून हात बांधला होता. बळीराम पुढं बैल हाकत होता. उकंडाचं डोकं माझ्या मांडीवर. बराच वेळ तो कण्हत होता, मग गप्प झाला. मला वाटलं बेशुद्ध पडला. पण त्यानं डोळे उघडले.

"मिस्त्री, मशीनले काई झालं त नाई ना?"

"नाई रे बाबा."

"कशानं घसरली? पान्यानं का?"

मी फिटर. चरबी फासलेल्या फळीवर तांब्याभर पाण्यानं काही फरक पडत नाही हे मला कळत होतं. मशीन धरली होती ती फळीनं नाही, दोरानं. एवढं सांगायला किती वेळ लागतो? माझ्या तोंडून शब्द आला तो असा:

"व्हय. पान्यानं."

पुढं बसलेल्या बळीरामनं ते ऐकलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी हात मनगटापासून काढला. त्याला इलाज नव्हता.

कामावर गेलो तर साहेबांनी बोलावलं.

"काय झालं?"

"फळी ओली झाली, साहेब."

"दोर होता?"

"होता."

"मधे थांबलात तेव्हा बांधला होता?"

साहेब स्वतः कधी पहार धरणारे नव्हते, पण मुद्द्याचं तेवढंच विचारलं.

"बांधला होता," मी म्हणालो.

"मग कसा सुटला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. त्यांनी मला वाचवलं की त्यांना खरंच पुढं विचारायचं नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी मूग गिळून बसलो. उकंडाला दवाखान्यात दोनदा भेटलो. तो घरी गेल्यावर रिठदला जायचं टाळलं. हंगाम आहे, काम आहे, अशी कारणं मनाला सांगत राहिलो. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

पुढच्या हंगामात कापसाच्या गाड्या फॅक्टरीच्या फाटकाबाहेर रांगेनं उभ्या होत्या. एका गाडीचा आख तपासायला मी बाहेर गेलो. गाडीवाला रिठदचा निघाला. मी उकंडाची चौकशी केली.

"बसून राह्यतो बिचारा. डाव्या हातानं कितीसं होते?" तो म्हणाला. "त्याच्या बायकोनं घात केला ना. पान्यानं मशीन पाडली."

"कोन म्हनते?"

"अख्खं गाव म्हनते. तुमीच त सांगतलं होतं म्हनतेत." मग तो हसून म्हणाला, "आता कोनाच्या घरी नवा बैल आला, का तिले आधी सांगतो आमी. बाई, घरात जाय. पान्याचा तांब्या घेऊन रस्त्यात उभी नको राहू."

मी आख न तपासताच आत आलो. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं चोर मी होतो आणि सुळीवर एक बाई वर्षभर चढलेली होती.

त्या रविवारी मी रिठदला गेलो.

घराच्या ओसरीवर उकंडा बसला होता. बळीराम खाली चऱ्हाट वळत होता. शेजारचे दोघेतिघे होते. सुभद्रा आत दाराआड. शेडचं दार लोटलेलं. मला बघून उकंडाला आनंद झाला. त्यानं उठायची धडपड केली, पूर्वीसारखी.

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. घेतलं असतं तर धीर सुटला असता.

"उकंडा, एक सांगाचं हाय. तुह्या मशीनले पान्यानं काई झालं नव्हतं. मी खोटं बोललो. फळीले चरबी होती, तिच्यावर पानी काय करनार? मधे थांबलो तवा दोराले गाठ माराची होती. मी मारली नाई. चूक माही हाय. ह्या पोरीची नाई."

हे मी रस्ताभर घोकलं होतं. एवढं बोलून झालं की आपलं काम झालं, उकंडानं शिव्या दिल्या तर खायच्या, असा माझा हिशोब. पण उकंडा टर्नर होता. त्याला दोराचं काम मीच शिकवलं होतं.

"गाठ नव्हती, हे बरोबर," तो म्हणाला. "पन गाठ नसली तरी हातात दोर असते. दोर सुटला कसा?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मिस्त्री, दोर कोनापाशी होता?"

त्याला माहीत होतं. तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. पण आजवर पाण्याच्या नावाखाली त्या प्रश्नाकडं कोणी गेलंच नव्हतं. आता सगळ्यांची नजर खाली बसलेल्या बळीरामकडं गेली. त्याचे हात चऱ्हाटावर थांबले होते.

"दादा?" उकंडा म्हणाला.

"मी देवाले हात जोडले, बाप्पा," बळीराम म्हणाला. "तुह्यासाठीच जोडले. सगळ्यायनं जोडले, म्या बी जोडले. मले भानच राह्यलं नाई."

"वरीसभर माह्या बायकोले लोक बोलून राह्यले. तू इथंच बसून होता."

बळीराम चऱ्हाट तिथंच टाकून उठला आणि शेताकडं निघून गेला. उकंडा आपल्या तुटक्या हाताकडं बघत बसला. शेजारचे एकेक करून उठले. मी कोणालाच नको होतो, म्हणून मीही उठलो.

गल्लीच्या तोंडाशी विहीर होती. सुभद्रा घागर घेऊन मागच्या दारानं तिथं आली होती. माझ्याशी बोलायलाच आली होती, कारण घागर भरायला तिनं दोरही आणला नव्हता.

"मले माहीत होतं, मिस्त्री," ती म्हणाली. पदर कपाळावर ओढलेला, नजर खाली. "मी ताट घेऊन मागं सरली तवा झाडाकडे तोंड करून उभी होती. भासऱ्यायनं दोर सोडला, हात जोडले. मले दिसलं."

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर आमच्याकडची सून तोंड वर करून बोलत नाही, मग त्याच्याविरुद्ध बोलणं तर दूरच.

"मंग बोलली काहून नाई, माय? गावानं तुले काय काय म्हटलं!"

"बोलून हात येत होता का त्याइचा?" ती म्हणाली. "ह्याइले बापाच्या जागी भाऊ हाय. हात गेला, त भाऊ तरी राहू द्या म्हटलं. लोकाच्या बोलन्यानं घर फुटत नाई, मिस्त्री. मी ऐकून घेत होती. अजून बी घेतलं असतं."

मी म्हणालो, "मी तुह्यासाठीच आलो होतो."

"नाई," ती म्हणाली. "माह्यासाठी आले असते, त मले आधी विचारलं असतं."

ती रिकामी घागर घेऊन परत गेली.

त्याच उन्हाळ्यात दोघे भाऊ वेगळे झाले. वाटणी कोणी भांडून केली नाही. बळीराम म्हणाला, काय पाहिजे ते घे. उकंडा म्हणाला, तुझं तू बघ. शेवटी पंचांनी तोडगा काढला तो असा: शेत कसायला दोन हात लागतात, म्हणून शेताचा मोठा भाग बळीरामकडं. मशीन उकंडासाठी आणली होती, म्हणून मशीन उकंडाकडं. उजवा हात नसलेल्या टर्नरच्या वाट्याला लेथ आली. पंचांना त्यात काही वावगं दिसलं नाही. गावानं सुभद्राला नावं ठेवणं सोडलं, ते मात्र खरं. आता गाव बळीरामला नावं ठेवू लागलं.

मला उकंडानं शिव्या दिल्या नाहीत. पुन्हा बोलावलंही नाही. बळीराम एकदा वाशीमच्या बाजारात समोर आला. मी हाक मारली. तो थांबला नाही.

मी पुढं वीस-बावीस वर्षं नोकरी केली. माझ्या हाताखाली कोणीही वजन उतारावर असताना हात जोडत नसे. दसऱ्याच्या पूजेतसुद्धा मशीन आधी जमिनीवर पक्की बसायची, पट्टा निघायचा, मगच नारळ. नवी पोरं मला नास्तिक म्हणत. म्हणू द्यावं. देव वाट बघतो, वजन बघत नाही.

पण हे दोराचं झालं. ते कोणीही फिटर सांगेल. दुसरं मला रिठदनं शिकवलं. चूक झाली तर ती त्याच दिवशी, त्याच अंगणात, सगळ्यांसमोर सांगायची. तेव्हा मी "गाठ माही राहिली" म्हणालो असतो, तर लोकांनी मला जोडे मारले असते, साहेबांनी घरी बसवलं असतं, आणि दोर कोणाजवळ होता हे विचारायची कोणाला गरज पडली नसती. वर्षभरानं सांगितलं ते खरंच होतं, पण तोवर ते खरं एकट्या माझं राहिलं नव्हतं. माझ्या खोट्यावर एका बाईनं आपलं घर टेकवून ठेवलं होतं, आणि तिला न विचारता मी ते काढून घेतलं.